पांढऱ्या पाण्याचं खोरं

(दृश्य : गाडीच्या काचेतून मक्याची सपाट शेतं. सरळसोट रस्ता.)

अमेरिकेत, दक्षिण मिनेसोटात गाडी चालवताना झोप येते. मका, सोयाबीन, मका, मध्येच धान्याची एखादी पत्र्याची कोठी, पुन्हा मका. रॉचेस्टर मागे टाकून पूर्वेला निघालो, सेंट चार्ल्सला डावीकडे वळलो आणि 74 नंबरचा रस्ता एकदम खाली उतरायला लागला. घाट म्हणावा इतका काही तो नाही. पण दोन्ही बाजूंनी पिवळट-करड्या दगडाचे कडे वर आले, झाडी दाटली आणि रस्त्याच्या सोबतीला एक ओढा आला.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "आता कसं, आल्यासारखं वाटलं कुठंतरी."

बाबा खटाव तालुक्यातले. सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि मॉल पाहून ते कंटाळले होते. म्हणून दोन रात्रींसाठी तंबू घेऊन आम्ही इथे आलो, व्हाइटवॉटर स्टेट पार्कमध्ये.

(दृश्य : कड्यावरून दिसणारं खोरं. समोरच्या टेकड्यांचे माथे एका रेषेत.)

मिनेसोटाचा बराचसा भाग सपाट आहे तो हिमनद्यांमुळे. बर्फाचे प्रचंड थर या जमिनीवरून सरकले, टेकड्या घासल्या गेल्या, दऱ्या दगडगोट्यांनी बुजल्या. मागे राहिलेल्या या गाळसाळीला भूगर्भशास्त्रात 'ड्रिफ्ट' म्हणतात. शेवटच्या हिमयुगात बर्फ या कोपऱ्याला वळसा घालून गेला. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय ही चार राज्यं जिथे एकमेकांजवळ येतात, तो हा मिसिसिपीकाठचा टापू. त्याचं नाव 'ड्रिफ्टलेस', ड्रिफ्ट नसलेला. अभ्यासक इथेही कीस काढतात. मिनेसोटाच्या बाजूला फार जुन्या हिमनद्यांच्या खुणा सापडतात, त्यामुळे हा भाग अगदी काटेकोर अर्थानं ड्रिफ्टलेस नाही. आपण त्यांच्या भांडणात पडायला नको.

हे डोंगर नाहीत, हे लक्षात घ्या. हे एक पठार आहे आणि पाण्यानं ते चिरत नेलंय. म्हणून सगळ्या टेकड्यांचे माथे एका उंचीला. सह्याद्रीच्या सड्यावर उभं राहून पाहिलं की असंच दिसतं. फरक दगडात आहे. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथे खाली वालुकाश्म आणि वर डोलोमाइट, म्हणजे चुनखडीचा भाऊबंद. दोन्ही जवळपास 50 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले.

या डोलोमाइटमध्ये पाणी मुरतं. भेगा रुंद होतात, जमिनीला खड्डे पडतात, गुहा तयार होतात. वर पडलेला पाऊस दगडाच्या पोटातून फिरून कड्याच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतो. उन्हाळा असो की बर्फ, झऱ्याचं पाणी साधारण 9 अंश सेल्सिअस. हिवाळ्यात अख्खं राज्य गोठतं तेव्हाही हे ओढे वाहते राहतात.

(दृश्य : पाण्यात बुडवलेला हात. बाजूला एक मासा स्तब्ध, तोंड प्रवाहाकडे.)

हा ट्राउट. त्याला गारच पाणी लागतं. इथला मूळचा ब्रूक ट्राउट, तर ब्राउन ट्राउट एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणून सोडलेला. गळ टाकणारे लोक कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभे असतात. त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, मासे बिथरतात. मी गेले होते.

तंबू ठोकायला अर्धा तास लागला. बाबांच्या मते दहा मिनिटांचं काम होतं. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल-बाक आणि शेकोटीसाठी जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं असतं. सरपण घरून आणायचं नाही, ते इथलंच घ्यायचं. ॲशची झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा आहे, तो सरपणातून गावोगाव पोचतो. बाबांना हे पटकन पटलं. गाजरगवत आपल्याकडे आयात गव्हातून आलं असं त्यांनी ऐकलंय, आणि ते त्यांनी जन्मभर उपटलंय.

खिचडी केली. डास जवळजवळ नाहीत. मिनेसोटात राहणाऱ्याला हे सांगूनही पटणार नाही, पण उताराच्या या खोऱ्यात पाणी साचून राहत नाही. अंधार पडल्यावर ओढ्याकाठच्या गवतात काजवे उठले. भंडारदऱ्यासारखं अख्खं झाड लुकलुकत नव्हतं, गवतावरून एकेक ठिणगी वर जात होती.

रात्री रकून नावाच्या प्राण्यानं भडंगाचा डबा पळवला. चूक माझी, खाणं गाडीत ठेवायला हवं होतं. सकाळी ओढ्याजवळ रिकामा डबा मिळाला, झाकण नीट उघडलेलं.

"आपल्याकडं वानरं दिवसा नेतात," बाबा म्हणाले, "हा रात्रपाळीचा दिसतोय."

(दृश्य : लाकडी पायऱ्यांची वाट. धाप. मग उघडा कडा.)

सकाळी कोयोटी पॉइंटची वाट धरली. चढ फार नाही, पण पायऱ्या पुष्कळ. ऊन खाणाऱ्या दक्षिणेकडच्या उतारांवर झाडं विरळ होत जातात आणि गवत उरतं. त्या गवताळ तुकड्यांना इथे 'गोट प्रेअरी' म्हणतात, बकऱ्यांनाच जमेल असा चढ म्हणून. याच उतारांवर टिंबर रॅटलस्नेक असतो. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा हा विषारी साप मारणाऱ्याला 1989 पर्यंत सरकारी बक्षीस मिळायचं. आता तो राज्याच्या संरक्षित यादीत आहे. आम्हाला दिसला नाही. बाबा मात्र काठी आपटत चालले, सवयीनं.

'व्हाइटवॉटर' हा इथल्या मूळच्या डकोटा लोकांनी दिलेल्या नावाचा अनुवाद. मिनी म्हणजे पाणी, स्का म्हणजे पांढरं. वसंतात पाणी चढलं की काठाची चिकणमाती विरघळून नदी दुधाळ व्हायची. इथल्या एका कॅम्पग्राउंडला आजही तेच नाव आहे, मिनेआयस्का.

नदी तशी चांगलीच चढते. ऑगस्ट 2007 मध्ये इथून आग्नेयेला असलेल्या होका गावात 24 तासांत 15.10 इंच, म्हणजे 383 मिलिमीटर पाऊस पडला. मिनेसोटाचा तो विक्रम. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला पडलेल्या 944 मिलिमीटरपुढे हा आकडा लहान वाटेल, पण या अरुंद खोऱ्यांना तेवढा पुरला. त्या पुरात या भागात माणसं गेली. या पार्कमधल्या तंबूवाल्यांना रात्रीच उठवून हलवावं लागलं.

(दृश्य : एल्बा गावाच्या उत्तरेला रस्ता. झाडी. दफनभूमीचे दगड.)

दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून उत्तरेला निघालो. एल्बाच्या पुढे, नदीच्या काठी, बीव्हर नावाचं गाव होतं.

1850 च्या दशकात गोरे वसाहतकार या खोऱ्यात आले. कड्यांच्या उतारावरची झाडं त्यांनी तोडली, तिथे गुरं चारली आणि वरच्या पठारावर उभा नांगर घातला, उताराच्या दिशेनं. तिथे वाऱ्यानं आणून टाकलेली भुसभुशीत, दगडविरहित माती होती. पन्नास-साठ वर्षं पिकं उत्तम आली. मग पाऊस पडला की वरची माती घळींतून थेट खाली यायला लागली. नदीचं पात्र उथळ झालं, पूर गावात शिरू लागला. 1938 या एका वर्षात बीव्हर 28 वेळा पाण्याखाली गेलं. लोक निघून गेले. गावाच्या जागेवर आता झाडी आहे, दफनभूमी तेवढी राहिली.

राज्यानं 1930 च्या दशकापासून ही जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. रिचर्ड डोरर नावाच्या अधिकाऱ्यानं ते काम रेटलं. उतारांवर झाडं लावली, घळी बांधल्या, गुरं हटवली, पठारावर शेतकऱ्यांना उताराला आडवं पेरायला लावलं. आज इथलं वन्यजीव क्षेत्र सुमारे 27 हजार एकरांचं आहे आणि या भागातलं जंगल डोररच्याच नावानं ओळखलं जातं. काल ज्या पाण्यात तळाचा खडा न्‌ खडा दिसत होता, ते असं निवळलेलं पाणी आहे.

हे सांगत असताना बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते नदीच्या काठावर उतरले होते.

(दृश्य : नदीनं कापलेला काठ, मातीची उभी भिंत. कॅमेरा जवळ.)

वरचे थर फिके, तपकिरी, पातळ पातळ, चळत रचल्यासारखे. एकेक थर म्हणजे एकेक पूर. बाबांच्या छातीच्या उंचीपासून खाली ते गुडघ्यापर्यंत येतात, आणि तिथे एक काळी रेघ आहे. वीतभर जाडीची, गच्च. ती पुरांच्या आधीची जमीन. त्या रेघेवर या खोऱ्यात गवत होतं.

बाबांनी तिथली चिमूटभर माती काढली, बोटांवर चोळली. मग तपकिरी थरातली काढली, तीही चोळली.

"ही वरच्या रानाची," ते म्हणाले. "चांगली होती की गं."

परत येताना आम्ही पठारावर चढलो. दोन्ही बाजूंना शेतं होती, एक पट्टा मक्याचा, एक लसूणघासाचा, टेकडीच्या वळणाबरोबर वळत गेलेले. बाबांनी काच खाली करायला सांगितली. पट्टे संपेपर्यंत ते बाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, इकडं डिझेल काय भावानं आहे.