रोविन्य: बेट समजून बघायचं गाव

नमस्कार मंडळी. काय म्हणताय, चहा झाला का? नसेल तर घेऊन बसा, कारण आज जरा लांब जायचंय, पार एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. नकाशात व्हेनिस शोधा, तिथून समोर, समुद्राच्या पलीकडे बघितलंत की एक त्रिकोणी तुकडा पाण्यात उतरलेला दिसेल, तो इस्त्रिया, आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे रोविन्य. क्रोएशियातलं मासेमारीचं जुनं गाव, वस्ती साधारण १३ हजार, इटालियन लोक त्याला रोविन्यो म्हणतात आणि गावातल्या पाट्यांवर दोन्ही नावं लिहिलेली असतात.

फोटो तुम्ही बघितलेला असणार, नाव माहीत नसेल एवढंच. समुद्रात घुसलेली एक टेकडी, त्यावर पिवळी, गुलाबी, विटकरी घरं एकाला एक चिकटून उभी, सगळ्यात वर चर्च आणि त्याचा उंच मनोरा. इन्स्टावर दर उन्हाळ्यात हाच फोटो फिरत असतो. पण मला तुम्हाला आज त्या फोटोपलीकडचं एक सांगायचंय, ते म्हणजे रोविन्यला गेलात तर हे गाव नाहीये, बेट आहे असं समजून फिरा. मग तिथलं सगळं कळायला लागतं, गल्ल्या इतक्या अरुंद का, घरं एवढी उंच का, दारं थेट पाण्यात का उघडतात, सगळं.

कारण ते खरंच बेट होतं हो. आत्ता जिथे मोठा चौक आहे, जिथे लोक छत्र्यांखाली बसून कॉफी पितात, त्याच्या बाजूने पूर्वी समुद्राची एक अरुंद खाडी जायची आणि बेट आणि मुख्य जमीन वेगळी होती. १७६३ साली ती खाडी भरून काढली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. म्हणजे पेशवाईत, पानिपताला दोनच वर्षं झालेली तेव्हा. तर पहिल्या दिवशी त्या चौकात जरा उभे राहा, एका हाताला कारेरा नावाचा दुकानांचा रस्ता जातो ती जमिनीवरची वस्ती, दुसऱ्या हाताला टेकडी, आणि आपण उभे आहोत तिथे मधे पाणी. मग बाल्बी कमानीतून आत जा. ही कमान १७व्या शतकाच्या शेवटी शेवटी बांधली, जुन्या वेशीच्या जागेवर. तेव्हा इथे व्हेनिसचं राज्य, म्हणून वर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरलाय, आणि बाहेरच्या बाजूला पगडीवाल्या तुर्काचं डोकं आणि आतल्या बाजूला व्हेनिसच्या माणसाचं. घाईत लोक खालून निघून जातात, मान वर करतच नाहीत.

आत गेलं की गर्दीच गर्दी, म्हणजे माणसांची नाही म्हणत मी, घरांची. बेटावर जागा ती केवढी, आणि लोक येतच राहिले, तुर्कांच्या स्वाऱ्यांना घाबरून मागच्या मुलुखातून आलेले, साथीच्या रोगातून वाचलेले, कामाच्या शोधात आलेले. बेट तर वाढत नाही, मग घर वर चढवा, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावा, गल्लीवरून कमान टाकून तिच्यावर खोली काढा. एका घरात अनेक कुटुंबं, प्रत्येकाची चूल वेगळी म्हणून छपरांवर धुरांड्यांचं रान माजलंय, वरून बघितलं की मोजायचा कंटाळा येतो. आपल्याकडे चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पश्चिमेच्या बाजूची घरं तर सरळ खडकातून वर आलीयेत, तळमजल्याचं दार उघडलं की दोन पायऱ्या आणि समुद्र, आणि हे असं चालतं कारण एड्रियाटिकला भरती-ओहोटी फार कमी, कोकणासारखं दहा-बारा फूट पाणी चढत उतरत नाही. आपल्या किनाऱ्यावर असं घर बांधलं तर अमावास्येच्या भरतीला भांडी तरंगतील!

ग्रिसिया नावाची गल्ली वर चर्चपर्यंत जाते. दगडी पायऱ्या, शेकडो वर्षं माणसं चालून चालून इतक्या गुळगुळीत झाल्यात की कोरड्या दिवशीसुद्धा चकाकतात, आणि पाऊस पडला तर विचारूच नका. स्लिपर घालून जाऊ नका, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

वर संत युफेमियाचं चर्च. आत्ताची इमारत १८व्या शतकातली, पण मनोरा त्याच्याही आधीचा, १७व्या शतकातला, व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या मनोऱ्यावरून बेतलेला, उंची साधारण ६० मीटर. इथे एक गंमत आहे. व्हेनिसचा मूळ मनोरा १९०२ साली कोसळला, अक्षरशः ढिगारा झाला, आणि १९१२ मध्ये तो नव्याने बांधून उभा केला. म्हणजे आज नक्कल अस्सलपेक्षा अडीचशे वर्षांनी म्हातारी आहे. चढायला लाकडी जिना आहे, फळ्यांच्या फटीतून खालचं दिसतं, ज्यांना उंचीची भीती त्यांनी खालीच थांबून आईस्क्रीम खावं. मनोऱ्याच्या टोकावर युफेमियाचा तांब्याचा पुतळा आहे आणि तो वाऱ्याबरोबर फिरतो. संत आहे तशी ती गावाची हवामान खात्याची बाईसुद्धा आहे, कारण कोळी सकाळी घराबाहेर पडला की आधी वर बघणार, बाई कुठे तोंड करून उभी आहे. तिथे मुख्य वारे दोन, ईशान्येकडून येणारा कोरडा गार झोडपणारा बुरा, आणि दक्षिणेकडून येणारा ओलसर युगो, जो लाटा घेऊन येतो आणि लोकांची डोकी दुखवतो असं म्हणतात.

ही युफेमिया मूळची तिथली नाहीच. आजच्या इस्तंबूलसमोरच्या चाल्सेडन गावची मुलगी, रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या काळात, ३०४च्या सुमारास धर्मासाठी मारली गेली. आणि मग दंतकथा अशी, की ८०० साली एका वादळी रात्रीनंतर तिची दगडी शवपेटी तरंगत तरंगत रोविन्यच्या किनाऱ्याला लागली. दगडी हं! गावकऱ्यांनी घोडे लावले, बैल लावले, पेटी हलेना. शेवटी एक लहान पोरगा दोन वासरं घेऊन आला आणि त्याने ती ओढत टेकडीवर नेली. ती पेटी आजही चर्चमध्ये वेदीच्या मागे आहे, भलीमोठी, आणि जवळ उभं राहिलं की वासरांची गोष्ट जरा जास्तच वाटते, पण दर्यावर जगणाऱ्या गावाला देव समुद्रातूनच यायला लागतो, त्याला इलाज नाही.

आता मासेमारीकडे येऊ, कारण माझा जीव तिथे अडकलाय. रोविन्यच्या होडीला बताना म्हणतात. लाकडी, सपाट तळाची, खाली कणा नाही, त्यामुळे उथळ पाण्यात, खडकाच्या अगदी जवळ नेता येते, एक-दोन माणसांना पुरेशी. वल्ही आणि एक शीड. त्या शिडावर खरी मजा, प्रत्येक कुटुंबाचे रंग वेगळे, नक्षी वेगळी, एकाचा सूर्य, एकाचे पट्टे, म्हणजे संध्याकाळी धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईला लांबूनच समजायचं की आपला माणूस येतोय की शेजारचा. फोन नव्हते, शीड होतं.

आणि गाणं! हे खरं तर रेडिओवर ऐकवायलाच हवं. बितिनादा म्हणतात त्याला. कोळी जाळी ओढतायत, हात गुंतलेले, मग वाद्य कोण वाजवणार, म्हणून वाद्यांचे आवाज तोंडानेच काढायचे. एक जण गातो, बाकीच्यांपैकी कुणी गिटार होतो, कुणी मँडोलिन, आणि डोळे मिटून ऐकलं तर चार-पाच वाद्यांचा ताफा बसलाय असं वाटतं. दिवस संपला की मंडळी तळघरासारख्या दारूच्या खोलीत जमायची, स्पाचो म्हणतात त्याला, तिथे पिंपातली वाईन, खारवलेले मासे, आणि पुन्हा गाणी.

हे सगळं मेलंच असतं. प्लॅस्टिकच्या होड्या आल्या, हॉटेलात पगार मिळायला लागला, लाकडी बताना कोण बांधत बसणार. पण गावकऱ्यांनी २००४ साली धक्क्यावरच्या एका घरात बतानाचं म्युझियम काढलं, आणि त्यांची हुशारी अशी की काचेच्या कपाटात होडी ठेवून ते थांबले नाहीत. होड्या परत बांधायला घेतल्या, लोकांसमोर उघड्यावर, नव्या पोरांना शिकवत, रंगीत शिडांची शर्यत सुरू केली, बितिनादा गाणाऱ्यांना बसवलं. २०१६ साली युनेस्कोने हे काम वारसा जपण्याच्या चांगल्या नमुन्यांच्या यादीत घेतलं. माझ्या मते अख्ख्या गावात तिकीट काढून बघण्यासारखं एकच काय असेल तर हे छोटंसं घर. उन्हाळ्यात संध्याकाळी कंदील लावून बतानातून फेरीही मारतात, आणि पाण्यावरून बघितलं की गाव पुन्हा बेट होतं.

मासा कोणता म्हणाल तर मुख्य सार्डिन, आपली तारली तिची जवळची नातेवाईक. मोठ्या बोटी रात्री जातात, दिवे लावतात, उजेडाला मासा गोळा झाला की भोवती जाळं टाकतात. म्हणून पौर्णिमेच्या आसपास काम बंद, चंद्राचाच उजेड एवढा की दिव्याला कोण विचारतो, आणि अंधाऱ्या रात्री कामाच्या. आता कोकणातले जे कोळी बांधव ऐकतायत त्यांच्या कपाळावर आठी पडली असेल, कारण आपल्याकडे एलईडी मासेमारीवर २०१७ साली केंद्राने बंदी घातली आणि तरी वाद काही संपलेला नाही. तिकडे दिव्याची मासेमारी पिढ्यान्पिढ्यांची आहे, पण मासा कमी झाला म्हणून त्यांनाही वर्षातला काही काळ बोटी बांधून ठेवाव्या लागतात. खायला सार्डिन निखाऱ्यावर भाजलेली, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ, बस. मसाला नाही म्हणून नाक मुरडू नका, आधी खा. माकलाच्या शाईतला काळा भातही मिळतो, दात काळे होतात, फोटो नंतर काढा.

इतिहास सगळा सांगत नाही, वेळ पुरणार नाही. व्हेनिसची सत्ता १२८३ पासून १७९७ पर्यंत, मग ऑस्ट्रिया, मधे थोडे दिवस नेपोलियन. पण एवढं लक्षात घ्या, १९१० साली ग्रिसियात जन्मलेली बाई ब्याऐंशी वर्षं जगली असेल तर ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, युगोस्लाव्हिया, क्रोएशिया, एवढे देश तिने घर न बदलता पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्त्रिया युगोस्लाव्हियाकडे गेलं आणि खूप इटालियन कुटुंबं सामान बांधून निघून गेली, काहींनी किल्ली शेजारी दिली, काहींनी दिलीच नाही. टेकडीवरची घरं रिकामी पडली. त्या पडक्या घरांत चित्रकार येऊन राहिले, म्हणून ग्रिसियात आज एवढी चित्रांची दुकानं, आणि १९६७ पासून ऑगस्टमध्ये एक दिवस अख्खी गल्ली चित्रांनी भरते, कुणीही आपलं चित्र आणून भिंतीला लावावं. गंमत म्हणून सगळे सांगतात हे, पण रिकामी घरं नसती तर गंमत नसती.

आणि आता परत घरं रिकामी व्हायला लागलीयेत. वरच्या गल्ल्यांत दाराशेजारी नंबरची ती छोटी किल्लीपेटी दिसते ना, ती दिसली की समजायचं इथे आता कुणी राहत नाही, पाहुणे राहतात. वाळत घातलेले कपडे दिसले तर तिथे माणूस आहे. जुलै-ऑगस्टमध्ये क्रूझवाले आणि दिवसभराच्या बसवाले येतात, चर्च, सेल्फी, आईस्क्रीम, परत. तुम्ही तसं करू नका, एक रात्र तरी राहा, शक्य तर मे-जूनमध्ये नाहीतर सप्टेंबरमध्ये. जवळचा विमानतळ पुला, साधारण ४० किलोमीटर, तिथून बस आहे. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आणि चलन युरो, त्यामुळे इटलीच्या व्हिसावर जाता येतं, उन्हाळ्यात व्हेनिसहून बोटही असते. पोहायला वाळूचा किनारा नाही, खडकांवरून उतरायचं, आणि पाण्यात काटेरी समुद्री साळिंदरं असतात म्हणून रबरी बूट घ्या.

सप्टेंबरच म्हणते मी, कारण १६ तारखेला युफेमियाचा सण असतो, त्या दिवशी सगळं गाव टेकडी चढतं. आणि सणाचं जेवण विचाराल तर मेंढीचं मटण आणि आंबवलेली कोबी. कोळ्यांचं गाव आणि सणाला मटण! वर्षभर मासे खाऊन कंटाळत असणार बिचारे.