ठोका सुधारणारी गोळी

(निपाणी बसस्थानक. सकाळची कोल्हापूर गाडी.)

या गाडीत पिशवीतून फाईल घेऊन निघालेला एखादा तरी पेशंट असतोच. हृदयाचा डॉक्टर कोल्हापुरात, मिरजेत नाहीतर बेळगावात. तापाला गल्लीतला डॉक्टर. पोट बिघडलं तर थेट मेडिकल. चिठ्ठ्या तीन, पोट एकच.

ठोके बिघडलेल्याला कधी सोटॅलॉल देतात. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट ते अरुंद करतं. पेशी सावरायला जास्त वेळ घेते, त्यामुळे भलत्या वेळचा ठोका मध्ये घुसत नाही. ईसीजीवर हाच वेळ क्यूटी म्हणून मोजतात. तो ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेला की धोका बराच वाढतो. खालचे कप्पे भरधाव सुटतात, रक्त पुढे जाईना, माणूस चक्कर येऊन पडतो. कधी आपोआप थांबतं, कधी तिथंच संपतं. ईसीजीची रेघ तेव्हा सुंभासारखी पीळ खाते. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली ते टिपलं.

(जुन्या ईसीजीची पट्टी.)

ठोका सरळ दिसला म्हणजे जीव वाचला, असं डॉक्टरही धरून चालले होते. अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीनं १९८९ मध्ये तो भ्रम मोडला. हार्ट अटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोका सुधारणारी औषधं दिली. ठोके कमी झाले, माणसं मात्र जास्त गेली: औषधवाल्या ७३० पैकी ५६, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. चाचणीचा तो भाग तिथंच थांबवावा लागला.

म्हणून औषध वाईट? नाही. अटॅकनंतर बीटा ब्लॉकरनं, म्हणजे ठोक्याचा वेग कमी करणाऱ्या गोळ्यांनी, जीव वाचतात, हेही चाचण्यांनीच दाखवलंय. कोणतं औषध, कोणत्या हृदयाला, हा प्रश्न आहे. मनानं गोळी बंद करणं तर आणखी अवघड जागेचं दुखणं.

(मेडिकलचा काउंटर. उन्हाळा.)

जुलाबानं पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरतं, त्यानंही क्यूटी लांबतो. त्यावर उलटीची ओंडान्सेट्रॉन, खोकल्याची अझिथ्रोमायसिन. दोन्ही क्यूटी लांबवणारी. बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब, त्यांना जोखीम जास्त. काउंटरवर 'हृदयाची गोळी चालू आहे' एवढं सांगून भागत नाही, पाकीटच दाखवावं लागतं. अमियोडॅरोन ही ठोक्याचीच गोळी, ती घेणाऱ्यांनी तर गोळी बंद झाल्यावरही काही महिने सांगत राहावं. ते अंगातून लवकर जात नाही.