सरकारी खरेदी, म्यानमारचं लष्कर आणि आपला उडीद

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची निविदा ज्यांनी कधी भरली असेल, त्यांना दोन लिफाफे ठाऊक आहेत. तांत्रिक लिफाफ्यात जीएसटी नोंदणी, अनामत रक्कम, काळ्या यादीत नसल्याचं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्यात दर. ज्याचा दर सर्वांत कमी तो एल-वन, काम त्याचं. पण ही कंपनी आणखी कोणाकोणाशी धंदा करते, कुठल्या हुकूमशाहीची तिजोरी भरते, हे त्या गठ्ठ्यात कुठंच विचारलेलं नसतं. माझं म्हणणं आहे की ते विचारलं पाहिजे. पैसा आपल्या घरपट्टीचा आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं जून १९९६ मध्ये ते विचारलं. म्यानमारमधली १९९० ची निवडणूक आँग सान सू ची यांच्या पक्षानं प्रचंड बहुमतानं जिंकली होती, आणि लष्करानं सत्ता सोडलीच नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाविरुद्ध अमेरिकी राज्यांनी जे हत्यार वापरलं होतं, तेच बायरन रशिंग या आमदारानं पुन्हा बाहेर काढलं. म्यानमारशी व्यवहार असलेल्या कंपन्यांची यादी करायची. यादीतल्या कंपनीनं १०० चा दर दिला आणि यादीबाहेरची कंपनी ११० च्या आत आली, तर काम बाहेरच्या कंपनीला. वैद्यकीय सामानासारख्या काही गोष्टींना सूट होती. कुणाच्या धंद्यावर बंदी नव्हती. गिऱ्हाईक म्हणून सरकारनं आपली पसंती सांगितली, इतकंच. तेवढ्यानंसुद्धा ॲपल, मोटोरोला यांसारख्या कंपन्यांनी म्यानमारमधून गाशा गुंडाळला.

मग युरोपीय संघ आणि जपान जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार घेऊन गेले, आणि परदेश व्यापार करणाऱ्या कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. १९ जून २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हा कायदा रद्द ठरवला.

इथं जरा थांबू या, कारण या निकालाचा दाखला देऊन ‘सरकारी खरेदीत नीतिमत्ता आणता येत नाही’ असं सांगणारे बरेच भेटतात. न्यायालयानं तसं म्हटलेलंच नाही. राज्याच्या पाठोपाठ तीनच महिन्यांत अमेरिकी संसदेनं म्यानमारबद्दल स्वतःचा कायदा केला होता आणि निर्बंध किती, कधी, हे ठरवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला होता. राज्याचा कायदा त्याच्या आड येतो, म्हणून तो टिकला नाही. पुढं २००७ मध्ये सुदानबाबत त्याच संसदेनं राज्यांना अशी अट घालायची परवानगी दिली, २०१० मध्ये इराणबाबतही गुंतवणूक काढून घेण्याची मुभा दिली. दार वरून उघडावं लागतं, एवढाच धडा.

आपल्याकडेही तेच आहे. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशी व्यापार दोन्ही विषय संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत. मुंबईच्या विधानसभेनं उद्या असा कायदा केला तर तो टिकणं अवघड. पण दिल्लीला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. जुलै २०२० मध्ये केंद्रानं वित्तीय नियमांत दुरुस्ती केली: ज्या देशांची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे, तिथल्या निविदाकारांनी आधी नोंदणी करायची. राज्यांनाही ते लागू केलं. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं होतं. पण निविदेच्या कागदात कंपनीचं मूळ विचारता येतं, हे सिद्ध झालं. आणि १९४६ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपलाच. त्याच्याही आधी, १९३६ साली, इथून जवळच फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मांडवात नेहरू खेड्यातल्या माणसांपुढं स्पेनमधल्या फॅसिझमबद्दल बोलले होते. खान्देशाला हा विषय परका नाही.

आता अडचणीची बाजू. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना बर्माचा, म्हणजे म्यानमारचा, माल चांगला माहीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं पुन्हा सत्ता बळकावली, आणि त्याच वर्षी आपल्या सरकारनं तिथून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणण्याचा पाच वर्षांचा करार केला. काही मित्र मला म्हणतात, तुमचा कायदा आला तर आमची मिल बंद. मी म्हणतो, तसा कायदा मला नकोच. उडीद तिथला शेतकरी पिकवतो आणि खासगी व्यापारी आणतो. तो बंद केला तर मार त्या शेतकऱ्याला आणि इथल्या हमालाला. लष्कराच्या हाती थेट पैसा पडतो तो नैसर्गिक वायूतून, तिथल्या सरकारी तेल-वायू कंपनीमार्फत. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२२ मध्ये नेमकं त्याच कंपनीवर बोट ठेवलं. कायद्यात हा फरक शब्दाशब्दानं लिहिला पाहिजे: वायू, सागवान, जेड आणि शस्त्रं आत, धान्य आणि औषधं बाहेर.

आणि असा कायदा लिहायला बसलं की पहिल्याच पानावर ओएनजीसी विदेश आणि गेल ही नावं येतात. म्यानमारच्या श्वे वायू प्रकल्पात त्या तेल-वायू कंपनीच्या बरोबरीनं या दोघींची भागीदारी आहे. म्हणजे यादीत आपल्याच सरकारी कंपन्या घालायच्या का, हे आधी ठरवावं लागेल. माझं उत्तर हो असं आहे, बाहेर पडायला ठरावीक मुदत देऊन. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार असे चार खासदार आपण लोकसभेत पाठवतो. त्यांचं उत्तर काय आहे, ते त्यांच्याकडून लेखी मागू या.