खडखड नेमकी येते कुठून?

गाडी ताशी २० किलोमीटरच्या वेगाने खडबडीत रस्त्यावरून चालली आहे आणि पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येतो आहे: खड, खड-खड, मग क्षणभर शांतता आणि पुन्हा खड. वेग वाढला की हा आवाज टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बुडून जातो, त्यामुळे सपाट रस्त्यावर फेरी मारून आलेल्या कारागिराला तो बहुधा ऐकूच येत नाही. या गाडीचा डावा शॉकॲब्सॉर्बर महिनाभरापूर्वी बदलला गेला. जुना निघाला, नवा बसला, बिल चुकते झाले. खडखड मात्र होती तशीच राहिली.

इथे कान फसतो, आणि त्याला कारण आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो, तर पोलादातून ५,००० मीटरच्या आसपास. चाकाजवळच्या एखाद्या सांध्यात बसलेला ठोका लोअर आर्ममधून, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यातून, बॉडीच्या पत्र्यात शिरतो आणि पायाशी, डॅशबोर्डमागे, कधीकधी तर थेट दुसऱ्या बाजूला उमटतो. म्हणून आवाज कुठे ऐकू येतो हे विचारण्याआधी तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. आवाजाचे वर्णनही नेमके हवे आणि त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सैल पत्रा झणझणतो, कोरडे पडलेले रबरी बुश (सांध्यातली रबरी कडी) कुरकुरते, झिजलेले बेअरिंग घरघरते, आणि धातूच्या सांध्यात फट पडली की तो खडखडतो. ‘पुढून काहीतरी वाजते’ असे मोघम सांगण्याऐवजी यांतला नेमका शब्द सांगितला, तर शोधाची दिशा तिथेच ठरते.

तपासाची सुरुवात अगदी साधी आहे. डॅशबोर्डचा कप्पा, दारांचे खण आणि डिकी आधी रिकामी करावी, कारण सैल ठेवलेला जॅक किंवा पाना सस्पेन्शनइतकाच (चाकांना बसणारे धक्के झेलणाऱ्या भागांइतकाच) हुबेहूब खडखडतो. त्यानंतर गाडी उभी ठेवून इंजिनचा वेग हळूहळू वाढवला जातो. आवाज इथेच आला असता, तर सायलेन्सरच्या नळीवरचे उष्णतारोधक पत्रे आणि इंजिन माउंट (इंजिन टेकलेले रबरी आधार) यांच्यावर संशय गेला असता. पण गाडी गप्प आहे. आता खडबडीत रस्त्यावर, मागे कोणतेही वाहन नसताना, ब्रेकच्या पेडलवर हलकासा पाय ठेवला जातो. ब्रेक पॅड त्यांच्या चौकटीत सैल झाले असतील, तर ते डिस्कवर दाबले जाताच आवाज थांबतो. इथे तो थांबला नाही.

यापुढची चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. गाडी गतिरोधकावरून अशी नेली जाते, की पुढची दोन्ही चाके एकदमच वर चढतात आणि एकदमच खाली उतरतात. आवाज नाही. मग फक्त डावे चाक एका उथळ खड्ड्यातून नेले, तर लगेच खड-खड. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो, त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. दोन्ही चाके एकसाथ हलली, की हा दांडा पिळला जात नाही. एकच चाक हलले, की तो पिळला जातो आणि त्याचा सारा जोर दोन टोकांच्या छोट्या लिंकवर, म्हणजे दांड्याला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या दुव्यांवर, येतो. शोधाचे वर्तुळ आता बरेच लहान झाले आहे.

इथे एक चकवा आहे. गाडी लिफ्टवर घेतली, चाके हवेत लोंबकळू लागली, आणि लिंक हाताने हलवून पाहिली, तर ती घट्ट लागली. कारण असे, की सांध्याची झीज गाडी रोज ज्या कोनात चालते त्या कोनात झालेली असते आणि चाक लोंबकळताना तो कोन बदलतो. म्हणून गाडी पुन्हा चाकांवर उभी केली जाते. एकजण लिंकवर बोटे टेकवतो, दुसरा बाहेरून गाडी डावी-उजवीकडे झुलवतो, आणि बोटांना एक बारीकसा ठोका जाणवतो. कानाने महिनाभर जे सापडले नव्हते, ते बोटांना दहा सेकंदांत सापडले.

काढलेली लिंक आता हातात आहे. तिच्या टोकाला पोलादी गोळा आहे. तो प्लॅस्टिकच्या वाटीत ग्रीसमध्ये बसतो आणि वरून रबरी बूट असतो. या बुटाला नखाएवढी चीर गेली आहे. त्या चिरेतून पाणी आणि वाळूचे कण आत शिरले, ग्रीसचा तांबूस चिखल झाला आणि वाटी झिजली. नव्या लिंकचा गोळा फिरवायला अंगठ्याचा जोर लागतो. हा मात्र आपल्याच वजनाने कलंडतो.

ही लिंक निकामी झाली म्हणून चाक निखळत नाही. चाक ज्यावर वळते तो बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचे टोक, म्हणजे टाय रॉड एंड, यांचे मात्र तसे नाही. बॉल जॉइंट सुटला तर चाक कोलमडते, टाय रॉड सुटला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही. म्हणून चाक उचलून वरखाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहणे टाळू नये, आणि ढिलेपणा आढळला तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. भक्कम स्टँड लावल्याशिवाय तिथे हातसुद्धा घालू नये, ही कळकळीची विनंती.

दोन्ही बाजूंच्या लिंक एकदमच बदलल्या जातात, कारण दोघींनी सारखाच रस्ता कापलेला असतो. नट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळले जातात. मग काच खाली करून गाडी पुन्हा त्याच उथळ खड्ड्याकडे जाते. डावे चाक आत उतरते, बाहेर येते, आणि ऐकू येतो तो फक्त टायरचा मऊ धप् असा आवाज.