उंटाचे केस, आधी उंटाचे

उंटाच्या केसांचा पहिला लाभार्थी उंटच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू. वाळवंटात राहायचं आणि अंगावर एवढे केस कशाला, असं आपल्याला वाटतं. १९५० च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञानं सहारात जाऊन हेच तपासलं. उंटाचे केस भादरून टाकले, तर अंग थंड ठेवण्यासाठी त्याला सुमारे दीडपट पाणी खर्चावं लागलं. ऊन केसांच्या वरच्या थरालाच अडतं, घाम मात्र खाली कातडीवर सुकतो आणि वाफ होताना उष्णता अंगातूनच काढून नेतो. भर उन्हात डोक्यावर घोंगडी घेणाऱ्या धनगराला यात नवल वाटणार नाही.

आता माणसाकडे वळू. मंगोलियातल्या दोन वशिंडांच्या उंटाला थंडीसाठी राठ केसांखाली दाट, मऊ लव येते. ती वसंतात पुंजक्यापुंजक्यांनी गळते, मेंढपाळ ती विंचरून घेतात. महागडे बदामी ओव्हरकोट होतात ते या लवेचे. त्यांना रंगसुद्धा सहसा देत नाहीत, उंटाचा असतो तोच राहतो.

आपल्या राजस्थानी उंटाची गोष्ट वेगळी. एक वशिंड, लव थोडी, केस राठ. थंडी सरली की, होळीच्या सुमारास, कातरणी होते. पुरुषमाणसं गप्पा मारता मारता ढेऱ्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या चातीवर, हे केस कातत बसतात. कधी त्यात शेळीचे केस मिसळतात. त्यातून खाटेची दोरी होते, पोती होतात, आणि खोगीर आवळायचा पट्टा होतो, त्याला तिकडे तंग म्हणतात. तंग करायला माग लागत नाही. एका दोरीचा पीळ जाड सुईनं उघडायचा, त्यातून दुसरी दोरी ओढून घ्यायची, की पीळच तिला धरून ठेवतो. काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांची अदलाबदल करत असे काही नक्षीकाम उतरतं की हे जनावराच्या पोटाखाली जाणार याची हळहळ वाटते.

हाच चिवटपणा इंग्लंडच्या गिरण्यांनीही वापरला. यंत्रं फिरवणारे पट्टे उंटाच्या केसांच्या सुताचे असत. रेडवे हे पट्टे ‘कॅमल हेअर बेल्टिंग’ या नावानं विकत, बॅनहॅमनंही तेच नाव वापरलं. त्यावरून रेडवे विरुद्ध बॅनहॅम असा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्स या तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९६ साली रेडवे जिंकले. गंमत अशी, की त्या पट्ट्यात केस खरोखर उंटाचे होते. चित्रकारांच्या ‘कॅमल हेअर’ ब्रशात मात्र ते नसतातच, बहुधा खारीचे वगैरे असतात. उंटाचा केस लोकरीसारखा, त्याच्या ब्रशाला टोक येत नाही.

आज नायलॉनची दोरी कुठेही मिळते. उंटही घटले: देशात २०१२ च्या पशुगणनेत चार लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख. मऊ कापडासाठी त्यातल्या त्यात पिल्लांचे केस बरे, आणि तेही बहुतेकदा मेंढीच्या लोकरीत मिसळून. तेव्हा बिकानेरला कुणी ‘उंटाच्या केसांची शाल’ म्हणून पुढे केली, तर आधी विचारा, यात लोकर किती? मग गालाला लावून बघा. अजिबात टोचली नाही, तर पुन्हा विचारा.