आधी कान, मग पडदा

दोन ध्वनिमुद्रणं ऐकवायची आणि 'कुठलं चांगलं?' असं विचारायचं, हा ऐकण्याच्या वर्गातला नेहमीचा पाठ. त्यात मोठी फसगत आहे. एक मुद्रण दुसऱ्यापेक्षा एखाद-दीड डेसिबलनं मोठं असलं, तर मुलं त्यालाच 'मोकळं', 'स्पष्ट' म्हणतात. 'मोठं आहे' असं मात्र कुणी म्हणत नाही. म्हणून तुलनेआधी पातळी जुळवा. ऑडॅसिटी ही ध्वनी-संपादनाची संगणक-प्रणाली मोफत मिळते. तिच्यातलं लाउडनेस नॉर्मलायझेशन (पातळी जुळवण्याची सोय) उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) ठेवून दोन्ही ट्रॅकना लावा. हे टाळलंत, तर तुम्ही कान नाही, व्हॉल्यूम तपासताय.

पहिला सराव गाण्यावर नको, पिंक नॉइजवर, म्हणजे एकसारख्या सळसळत्या आवाजावर घ्या. त्यात प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असते, त्यामुळे कुठलाही पट्टा (कंपनसंख्यांचा गट) उचलला, म्हणजे मोठा केला, तरी तो सुरांच्या आड लपत नाही. तीस सेकंदांचा नॉइज तयार करताना अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१ ठेवा. जास्त ठेवलं, तर पट्टा १२ डेसिबलनं उचलताच क्लिपिंग होतं, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, आणि मुलं त्या खरखरीवरून उत्तर देतात. आता ट्रॅकची प्रत काढा. ग्राफिक इक्यूचे (पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाचे) सरकते दांडे एकतृतीयांश सप्तकाचे असतात. म्हणून १००० हर्ट्झसाठी ८००, १००० आणि १२५० हे तिन्ही दांडे वर न्या. मग पातळी पुन्हा जुळवा. ही पायरी हमखास विसरली जाते.

संगणकाचा पडदा मुलांकडे पाठ करून ठेवा आणि सोलो बटणानं (एकच ट्रॅक वाजवणाऱ्या) ट्रॅक आलटून पालटून ऐकवा. उत्तर आकड्यात मागायच्या आधी शब्दात मागा: १२५ घुमतं, ५०० डब्यातून आल्यासारखं, १००० कर्ण्यातलं, ४००० टोचतं, ८००० वर 'स'ची सळसळ. सुरुवातीला फक्त २५० की ४००० एवढंच विचारा. दहातली आठ बरोबर आली की उचल ६ डेसिबलवर, मग ३ वर आणा. पट्टा कापून ओळखायला लावणं त्यानंतर. कानाला जास्तीचं चटकन कळतं, कमी झालेलं कळायला वेळ लागतो. हेडफोन वायरचेच हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर १२५ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही, तिथं मुलांना दोष देऊ नका. वीस मिनिटांनी थांबा, थकलेला कान अंदाज मारतो.

मग तंबोरा घ्या. एकच तार, माइक ३० सेंटिमीटरवर, तीन मुद्रणं: जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये बसतो तो) काढून, दोरा बरोबर बसवून आणि दोरा किंचित सरकवून. छेडल्यानंतरचे पहिले दोन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकवा. दोऱ्याशिवाय तार बोथट वाजून विझते; दोरा बसला की वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे सूर) एकामागून एक उलगडतात. मुलांनी हे आपल्या शब्दात लिहून दिल्यावरच स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं रंगीत चित्र, उघडा. त्यातली विंडो साइज (एका वेळी मोजायच्या तुकड्याची लांबी) ४०९६ ठेवा. लहान ठेवली तर स्वरांशांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. चित्र आधी दाखवलं, तर वहीत रंगांचं वर्णन येतं. नंतर दाखवलं, तर मूल वरच्या रेषेवर बोट ठेवतं आणि विचारतं, 'मला ऐकू आलं ते हेच का?'