मग तुमच्या दोघांपैकी नव्याने कोण जन्मले?

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो,

मला ‘वसईच्या आठवणी’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते, आणि सुकेळी, भुजिंग व सांजवेळची घंटा एवढ्या भांडवलावर मी वीस मिनिटे सहज काढली असती. परंतु गेल्या रविवारी आमच्या घरी जे भांडण झाले, त्यानंतर दुसरे काही बोलावेसे वाटत नाही. माझी लेक इथल्या एका नव्या प्रार्थनामंडळात जाऊ लागली आहे. तिथे तिला विचारण्यात आले की तुमचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला, आणि तोच प्रश्न तिने जेवताना मला केला. मी म्हणालो, जन्मल्यानंतर सत्ताविसाव्या दिवशी; विश्वास नसेल तर वसईला जाऊन चर्चची नोंदवही पाहा. ती म्हणाली, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतल्याने कोणी नवे होत नाही, आणि म्हणून ती आता समजून उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेणार आहे. त्यानंतर माझा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असावा. तेवढ्यात नऊ वर्षांचा नातू हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, “आजोबा, मग तुमच्या दोघांपैकी नव्याने कोण जन्मलंय?”

ज्या प्रसंगावरून हे सारे रामायण घडले, तो बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि यहुद्यांच्या न्यायसभेतला वजनदार माणूस, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही, असे येशू सांगतो, तेव्हा तो विचारतो की म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा शिरेल? वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला या प्रश्नाबद्दल फार सहानुभूती वाटते. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमाने पहिला धरला, येशूचा रोख दुसऱ्याकडेही होता. सभागृहातील माझ्या हिंदू मित्रांनीही इथे घोटाळा करू नये: हा कर्माच्या हिशेबाने मरणानंतर मिळणारा दुसरा देह नव्हे. याच देहात, याच घरात, त्याच लेकीसमोर बसून नवे व्हायचे आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

पुढे येशू वाऱ्याचा दाखला देतो: वारा वाटेल तिकडे वाहतो, आणि आत्म्याने जन्मलेल्या माणसाचेही तसेच असते. ग्रीक भाषेत वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन शब्द घ्यावे लागतात आणि दाखल्याची अर्धी गंमत निसटते. पण खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले, आणि शिडाच्या होड्या चालवणाऱ्या आमच्या वाडवडिलांना तर ते पाठ करावेही लागले नाहीत. कोळी वाऱ्याची वाट पाहतो, शीड सज्ज ठेवतो, पण वारा आपण आणला असे तो म्हणत नाही.

आणि राज्य म्हटले की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांसमोर किल्लाच येतो. गुजरातच्या सुलतानाकडून 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे, 1739 मध्ये चिमाजी अप्पांकडे, मग इंग्रजांकडे. निशाण बदलले की राज्य बदलले. शुभवर्तमानातील ‘राज्य’ या शब्दात मात्र मुलुखापेक्षा सत्ता चालणे हा अर्थ अधिक आहे, म्हणजे देवाची इच्छा जिथे मानली जाते तिथे ते आहे. ‘तुझे राज्य येवो’ ही प्रार्थना मी त्या दिवशी जेवायला बसण्यापूर्वीच म्हटली होती, आणि वरण वाढून होण्याआधी ताटापुढे स्वतःचे राज्य स्थापन केले होते.

आमच्या कॅथलिक परंपरेत स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, हाच पाण्याने व आत्म्याने झालेला नवा जन्म मानतात, म्हणून तो दुसऱ्यांदा देत नाहीत. लेकीच्या मंडळात आधी माणसाने स्वतः विश्वास धरावा आणि मगच पाण्यात उतरावे असे मानतात. हा मतभेद शतकांचा आहे, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मिटणार नव्हता. परंतु आपण थोडे स्वतःकडेही पाहावे. स्नानसंस्कार ठरला की आपण हॉल कोणता आणि इंदोल, म्हणजे आमचे मेजवानीचे मांसाचे कालवण, कोण करणार याची चर्चा महिनाभर करतो. बाळाच्या वतीने उभ्या राहिलेल्या धर्ममातापित्यांनी कोणते वचन दिले, हे संध्याकाळपर्यंत कोणाला आठवत नाही. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाला दरवर्षी मेणबत्ती हातात धरून ती वचने आपण पुन्हा देतो, आणि माझे अर्धे लक्ष मेण सदऱ्यावर सांडू नये याकडे असते.

मला सतावते ते हे की लेकीला तारीख हवी होती आणि मला नोंदवही, आणि निकदेमाजवळ यांतले काहीच सापडत नाही. त्या रात्री त्याला उमगले की नाही, हे योहान लिहीत नाही. सातव्या अध्यायात तो न्यायसभेत येशूच्या बाजूने एक वाक्य बोलतो, तेही कायद्याचे. एकोणिसाव्या अध्यायात, येशूला क्रुसावरून उतरवल्यावर, तो गंधरस आणि अगरू यांचे सुमारे शंभर रत्तल मिश्रण घेऊन येतो. या दोन्हींच्या मध्ये कधीतरी वारा वाहिला असेल. मी हे लेकीला सांगितले, तर ती म्हणाली, “पप्पा, म्हणजे तुम्हीच जिंकलात ना?” आणि मला उत्तर देता आले नाही, कारण सांगताना मला तसेच वाटत होते.

उद्या पुन्हा रविवार आहे. आमच्या दारातून दोन गाड्या दोन दिशांना निघतील. कोणत्या गाडीत बसू, असे नातवाने काल रात्री मला विचारले. मी त्याला आईला विचार म्हणालो, आणि तिने त्याला माझ्याकडे परत पाठवले.